आपले मंडळ आणि ५०१(सी)(३): करमुक्त दर्जा म्हणजे काय, आणि तो टिकवायचा कसा?



काही वर्षांपूर्वी मी एका मंडळाची खजिनदार झाले. त्या वर्षी गणेशोत्सवाला आमच्या एका सभासदाने मोठी देणगी दिली आणि आपल्या कंपनीकडे मॅचिंगसाठी अर्ज केला. कंपनी तेवढेच पैसे मंडळाला देणार होती. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे उत्तर आले, "ही संस्था करमुक्त संस्थांच्या यादीत नाही." आम्हाला वाटले, नाव लिहिण्यात काहीतरी चूक झाली असेल. आयआरएसच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिले तर आमचे नाव खरोखरच दुसऱ्या यादीत होते. दर्जा रद्द झालेल्यांच्या!

कारण काय? कुणी पैसे खाल्ले नव्हते की हिशेबात गडबड केली नव्हती. वर्षातून एकदा भरायचा, दहा मिनिटांत होणारा एक छोटा फॉर्म सलग तीन वर्षे कुणी भरला नव्हता. तीन वर्षांत तीन खजिनदार झाले आणि प्रत्येकाला वाटले की आधीच्याने भरला असेल किंवा आपला सीपीए भरत असेल. आयआरएसचे पत्र गेले होते, पण ते एका माजी अध्यक्षांच्या जुन्या पत्त्यावर, आणि ते दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते.

त्या निमित्ताने मला या विषयाचा बराच अभ्यास करावा लागला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून हा लेख. मंडळाच्या कार्यकारिणीत असाल तर संपूर्ण वाचा. नुसते सभासद किंवा देणगीदार असाल तर पावतीचा आणि भारतातील मदतीचा भाग तरी जरूर वाचा.

तीन वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे "मंडळ नॉन-प्रॉफिट आहे" असे एका दमात म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

१. ना-नफा संस्था असणे. हे राज्याचे काम. तुमच्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे किंवा तत्सम कार्यालयात संस्थेची नोंदणी होते. येथे आयआरएसचा काही संबंध नाही.

२. करमुक्त असणे. म्हणजे मंडळाकडे वर्षाअखेर शिल्लक राहिली तरी त्यावर केंद्र सरकारचा आयकर लागत नाही. हा दर्जा आयआरएस देते.

३. देणगीदाराला करसवलत मिळणे. म्हणजे तुम्ही दिलेले शंभर डॉलर तुमच्या स्वतःच्या उत्पन्नातून वजा दाखवता येणे. ही सवलत सगळ्याच करमुक्त संस्थांच्या देणगीदारांना मिळत नाही.

भारतातले उदाहरण घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी करणे ही पहिली पायरी. आयकर खात्याकडून करमुक्तीसाठी नोंदणी मिळवणे ही दुसरी. आणि देणगीदाराला ज्याची पावती मिळते ते ८०-जी ही तिसरी. कायदे वेगळे असले तरी पायऱ्यांची कल्पना तीच आहे. पहिली पायरी चढलो म्हणजे तिसरीवर पोहोचलो असे नाही.

मंडळ कोणत्या कलमात बसते?

अमेरिकेच्या आयकर कायद्यातील कलम ५०१(सी) मध्ये करमुक्त संस्थांचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. आपल्या कामाचे प्रकार मुख्यतः तीन.

५०१(सी)(३): धर्मादाय, धार्मिक, शैक्षणिक इत्यादी कामे करणाऱ्या संस्था. मराठी शाळा, नाटक, संगीत, व्याख्याने, गणेशोत्सव, मदतनिधी हे सर्व यात येऊ शकते. या संस्थांना दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळते. बहुतेक कंपन्या मॅचिंगही अशाच संस्थांना देतात.

५०१(सी)(४): समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्था. संस्था करमुक्त, पण देणगीवर सहसा करसवलत नाही.

५०१(सी)(७): सभासदांच्या करमणुकीसाठी असलेले क्लब. येथेही देणगी आणि वर्गणी करसवलतीस पात्र नाहीत. शिवाय क्लबचे उत्पन्न मुख्यतः सभासदांकडूनच यावे लागते. बाहेरून येणाऱ्या पैशांवर टक्केवारीची मर्यादा आहे.

मग आपले मंडळ यातले कोणते? ते मंडळ प्रत्यक्षात काय करते यावर ठरते. वर्षभरात दोन सहली, एक कोजागिरी आणि एक क्रिकेट सामना एवढेच होत असेल तर तो क्लब झाला. मराठी शाळा, सांस्कृतिक कार्यक्रम, उत्सव आणि समाजकार्य हे मुख्य असून सहल हा त्यातला छोटा भाग असेल तर (सी)(३) चा मार्ग मोकळा आहे.

दर्जा मिळवायचा कसा?

ज्यांचे मंडळ नवीन आहे किंवा ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम असा.

आधी राज्यात ना-नफा महामंडळ म्हणून नोंदणी करा. नोंदणीच्या कागदात दोन कलमे असलीच पाहिजेत. एक, संस्थेचे हेतू ५०१(सी)(३) मध्ये बसणारेच आहेत. दुसरे, संस्था बंद झाली तर शिल्लक मालमत्ता दुसऱ्या तशाच कार्यासाठी किंवा सरकारकडे जाईल. म्हणजे मंडळ गुंडाळायची वेळ आली तर बँकेतली शिल्लक सभासदांनी आपापसांत वाटून घ्यायची सोय नाही.

मग आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा करक्रमांक घ्या. हा क्रमांक विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर लांब राहा.

त्यानंतर अर्ज. मोठा अर्ज फॉर्म १०२३, शुल्क ६०० डॉलर. छोटा अर्ज फॉर्म १०२३-ईझेड, शुल्क २७५ डॉलर. हा छोटा फॉर्म २०१४ साली आला. ज्यांचे ढोबळ वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत आहे, पुढची तीन वर्षेही आतच राहण्याची अपेक्षा आहे आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत आहे, अशा बहुतेक छोट्या संस्थांना तो चालतो. दोन्ही अर्ज आता ऑनलाइनच करायचे असतात.

स्थापनेच्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर दर्जा स्थापनेच्या दिवसापासून लागू होतो. त्यानंतर केला तर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून. अर्ज मंजूर झाला की आयआरएसचे मंजुरीचे पत्र येते. हे पत्र मंडळाच्या जन्मदाखल्यासारखे जपा. बँक, सभागृहाचे मालक, मॅचिंग देणाऱ्या कंपन्या, सगळे तेच मागतात.

दरवर्षीचे काम: ९९०

आमची चूक झाली ती इथे.

मंडळाला कर भरायचा नसला तरी दरवर्षी आयआरएसला विवरण द्यावेच लागते. त्याचे तीन आकार आहेत.

ढोबळ उत्पन्न सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर ९९०-एन. याला ई-पोस्टकार्ड म्हणतात आणि ते खरोखरच पोस्टकार्डाएवढे आहे. मंडळाचे नाव, पत्ता, ईआयएन, कोणते वर्ष, एका पदाधिकाऱ्याचे नाव व पत्ता, संकेतस्थळ असल्यास ते, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याची खूण. एवढेच.

ढोबळ उत्पन्न दोन लाख डॉलरपेक्षा कमी आणि मालमत्ता पाच लाखांपेक्षा कमी असेल तर ९९०-ईझेड.

त्याहून मोठ्या संस्थांसाठी पूर्ण फॉर्म ९९०.

येथे "ढोबळ उत्पन्न" हा शब्द नीट समजून घ्या. खर्च वजा जाता काय उरले ते नव्हे. वर्गणी, तिकिटे, देणग्या, प्रायोजकांचे पैसे, सगळे मिळून किती आले ते. दिवाळीच्या कार्यक्रमात १८,००० डॉलर आले आणि १८,२०० खर्च झाले, तरी उत्पन्न १८,००० च धरायचे. भारतातून नाटक आणले त्या वर्षी तिकीटविक्री एकदम वाढते. तीन वर्षांपेक्षा जुन्या संस्थांसाठी ते वर्ष आणि आधीची दोन वर्षे यांची सरासरी पाहतात. त्यामुळे एखाद्या वर्षी ५०,००० ओलांडले म्हणून घाबरायचे कारण नाही, पण सरासरी काढून पाहायला विसरू नका.

मुदत: आर्थिक वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याची १५ तारीख. जानेवारी ते डिसेंबर वर्ष असेल तर १५ मे.

आता गंमत पाहा. बहुतेक मंडळांत कार्यकारिणी जानेवारीत बदलते. ज्या समितीने वर्षभर कार्यक्रम केले ती डिसेंबरअखेर हुश्श करून घरी जाते. त्या वर्षाचे विवरण भरायची वेळ येते मे महिन्यात, नव्या समितीच्या काळात. नव्या खजिनदाराला वाटते, ते वर्ष आपले नव्हते. जुन्याला वाटते, आता आपण पदावर नाही. दोघेही प्रामाणिक, आणि फॉर्म मात्र तसाच राहतो.

९९०-ईझेड आणि ९९० साठी मुदतवाढ मागता येते, पण उशीर झाल्यास दिवसागणिक दंड आहे. ९९०-एन साठी मुदतवाढ नाही आणि उशिराचा दंडही नाही. दंड नाही म्हणूनच तो विसरला जातो.

तीन वर्षे चुकली तर

२००६ सालच्या पेन्शन प्रोटेक्शन अ‍ॅक्टने नियम केला की सलग तीन वर्षे विवरण न भरणाऱ्या संस्थेचा दर्जा आपोआप रद्द होईल. तिसऱ्या वर्षाची मुदत ज्या दिवशी संपते त्याच दिवसापासून. यात सुनावणी नाही, अपील नाही. आयआरएसच्या अधिकाऱ्यालाही त्यात सूट देता येत नाही. जून २०११ मध्ये आयआरएसने पहिली यादी जाहीर केली तेव्हा तीत सुमारे २,७५,००० संस्थांची नावे होती. त्यातल्या कित्येक केव्हाच बंद पडलेल्या होत्या, पण चालू असलेल्या छोट्या संस्थाही त्यात सापडल्या.

दर्जा गेला की मंडळ कायद्याच्या दृष्टीने साधी कंपनी होते. उत्पन्नावर कर लागू शकतो. देणगीदारांना करसवलत मिळत नाही. मात्र आयआरएसने नाव जाहीर करण्यापूर्वी विश्वासाने देणगी दिलेल्यांना सहसा त्रास होत नाही.

परत मिळवता येतो का? येतो, पण नव्याने अर्ज आणि शुल्क भरून. ९९०-एन किंवा ९९०-ईझेड भरण्यास पात्र असलेल्या छोट्या संस्थेचा दर्जा पहिल्यांदाच रद्द झाला असेल आणि तिने १५ महिन्यांच्या आत अर्ज केला, तर दर्जा रद्द झाल्याच्या दिवसापासून परत मिळू शकतो. म्हणजे मधे खंड पडत नाही. १५ महिने उलटले तर तीनही वर्षे विवरण का भरले नाही याचे सबळ कारण द्यावे लागते. नाहीतर दर्जा नव्या अर्जाच्या तारखेपासूनच मिळतो आणि मधला काळ कोरडा जातो. दुसऱ्यांदा रद्द झाला तर ही सोपी वाट बंद.

आम्ही १५ महिन्यांच्या आत होतो म्हणून वाचलो. पण मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत त्या सभासदाच्या कंपनीची मॅचिंगची मुदत निघून गेली होती. ते पैसे आम्ही मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी धरले होते. त्या सभासदाने एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

देणगीदारांसाठी: पावती कशी असावी?

आयआरएसच्या संकेतस्थळावर "टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च" नावाची सोय आहे. कोणत्याही संस्थेचे नाव किंवा ईआयएन घालून तिचा दर्जा पाहता येतो. मोठी देणगी देण्यापूर्वी दोन मिनिटे खर्च करून पाहा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आमच्याबाबतीत हे एखाद्या सभासदाने आधी पाहिले असते तर बरेच झाले असते.

पावतीचे मुख्य नियम असे:

– रोख देणगी कितीही लहान असो, बँकेची नोंद किंवा संस्थेची लेखी पावती हवी. आरतीच्या तबकात टाकलेल्या वीस डॉलरची नोंद नाही, म्हणून त्यावर सवलतही नाही. पुण्य मिळेल, ते वेगळ्या खात्यात!

– २५० डॉलर किंवा अधिक देणगीसाठी संस्थेची लेखी पोच हवीच. नुसता रद्द झालेला चेक चालत नाही. पोचेवर संस्थेचे नाव, रक्कम आणि त्या बदल्यात काही दिले की नाही याचा उल्लेख हवा. ही पोच तुमचे विवरणपत्र भरण्यापूर्वी हातात असली पाहिजे.

– बदल्यात काही मिळाले असेल तर तेवढी किंमत वजा करा. मदतनिधीच्या भोजनाचे तिकीट १०० डॉलर आणि जेवणाची वाजवी किंमत ४० डॉलर असेल तर देणगी ६० डॉलरची. असे तिकीट ७५ डॉलरपेक्षा जास्त असेल तर जेवणाची किंमत लेखी कळवणे ही मंडळाची जबाबदारी आहे.

– नाटकाचे तिकीट वाजवी दराने घेतले तर ती खरेदी झाली, देणगी नव्हे. लॉटरीचे किंवा रॅफलचे तिकीटही देणगी नव्हे.

– तुमच्या वेळेची किंमत वजा होत नाही. महाप्रसादासाठी दोन दिवस मोदक केले तरी त्या श्रमाला सवलत नाही. मात्र स्वतःच्या खिशातून आणलेल्या खोबऱ्या-गुळाचा खर्च, आणि मंडळाच्या कामासाठी गाडी चालवली तर मैलाला १४ सेंट, नोंद ठेवून दाखवता येतात.

आणखी एक. २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन बरेच वाढल्यामुळे अनेक कुटुंबे देणग्या वेगळ्या दाखवतच नाहीत, आणि त्यांना पावतीचा उपयोग उरला नव्हता. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२६ या करवर्षापासून यात बदल झाला आहे. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही रोख देणगीपैकी एकट्याला १,००० डॉलरपर्यंत आणि पती-पत्नी एकत्र भरत असतील तर २,००० डॉलरपर्यंत सवलत मिळते. चेक आणि कार्डाने दिलेले पैसेही यात रोखच धरतात. उलट जे देणग्या वेगळ्या दाखवतात त्यांना उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या देणगीवरच सवलत आहे. तेव्हा मंडळाच्या पावत्या आता पुन्हा जपून ठेवा.

भारतात मदत पाठवताना

१९९३ चा किल्लारीचा भूकंप असो की २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, अशा वेळी आपण सर्व जण हात सैल सोडतो. पण करसवलतीचे नियम येथे कडक आहेत.

भारतातील संस्थेला थेट पाठवलेल्या पैशांवर अमेरिकेत करसवलत नाही. तिथली ८०-जी ची पावती इथल्या विवरणपत्रात चालत नाही. सवलत हवी तर देणगी अमेरिकेतील पात्र संस्थेला द्यावी लागते.

मंडळाने असा निधी गोळा केला तर मंडळ नुसती नळी होऊन चालत नाही. पैसे कुणाला, कशासाठी द्यायचे हा निर्णय मंडळाच्या कार्यकारिणीचा असला पाहिजे. संस्था तपासून पाहिल्याची, ठराव केल्याची आणि पैसे कुठे खर्च झाले त्याची नोंद दप्तरात हवी. "माझे हजार डॉलर अमुक गावातल्या अमुक कुटुंबालाच द्या" अशा अटीवर दिलेले पैसे करसवलतीच्या देणगीत बसत नाहीत. त्या कुटुंबाला मदत करायची तर जरूर करा, पण ती स्वतःच्या नावाने.

दुसरी बाजू भारतातली. परदेशी देणगी घ्यायची तर तिथल्या संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम स्टेट बँक ऑफ इंडियाच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावे लागतात, आणि ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून चेक काढण्यापूर्वी नोंदणी चालू आहे का ते विचारा. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान मानले जात नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांचे मात्र मानले जातात, ओसीआय कार्ड असले तरी.

काय करू नये

निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू नये. १९५४ पासून (सी)(३) संस्थांना ही पूर्ण बंदी आहे, आणि ती स्थानिक स्कूल बोर्डाच्या निवडणुकीलाही लागू आहे. आपल्याच समाजातील कुणी उभे असेल तर अभिमान वाटणे साहजिक आहे. व्यक्ती म्हणून हवा तेवढा प्रचार करा. मंडळाचे व्यासपीठ, ई-मेल यादी आणि वार्तापत्र मात्र त्यासाठी वापरू नका.

मंडळाचा पैसा आतल्या माणसांच्या फायद्यासाठी जाऊ देऊ नका. समितीतल्या कुणाच्या केटरिंगला काम द्यायचे असेल तर दोन-तीन ठिकाणचे दर घ्या, त्या व्यक्तीला मतदानातून बाहेर ठेवा आणि इतिवृत्तात तसे लिहा. काम चांगले होईलही, पण कागद हवा.

जाहिरातींकडे लक्ष ठेवा. दिवाळी अंकात प्रायोजकाचे नाव, बोधचिन्ह आणि आभार छापणे सहसा ठीक. "आमच्याकडून घर घ्या, दहा टक्के सूट" ही जाहिरात झाली आणि ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते. अशा असंबंधित व्यवसायाचे ढोबळ उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर किंवा अधिक झाले तर वेगळा फॉर्म, ९९०-टी, भरावा लागतो. जवळजवळ सगळे काम विनावेतन स्वयंसेवक करत असतील तर त्यातून सूट आहे, आणि बहुतेक मंडळांना तिचा आधार मिळतो.

करमुक्त आहोत म्हणजे सर्व करांतून सुटलो असे समजू नका. भारतातून आलेल्या कलाकारांना मानधन देताना ३० टक्के कर कापून ठेवण्याचा नियम मंडळालाही लागू आहे. दौरा ठरवतानाच आयोजकांशी आणि सीपीएशी याबद्दल बोला.

राज्याचे नियम वेगळे

आयआरएसचे पत्र मिळाले म्हणून राज्याचा विक्रीकर माफ होत नाही. तो माफ होतो का आणि कसा, हे राज्यागणिक बदलते. बहुतेक राज्यांत देणग्या मागण्यापूर्वी धर्मादाय संस्था म्हणून वेगळी नोंदणी लागते. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे दरवर्षी नूतनीकरण असते, आणि राज्याच्या आयकरातून सूट फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडून वेगळी घ्यावी लागते. शिवाय सेक्रेटरी ऑफ स्टेटकडचा नियमित अहवाल असतोच. तुमच्या राज्यात या तीनही कार्यालयांच्या तारखा कोणत्या, ते एकदा शोधून लिहून ठेवा.

सूत्रे हाती देताना

आमच्या मंडळाने त्या अनुभवानंतर एक पद्धत पाडली. जानेवारीतील बैठकीत जुना खजिनदार नव्याला हिशेबाबरोबर पुढील गोष्टी देतो आणि दोघे सही करतात:

१. आयआरएसचे मंजुरीचे पत्र, राज्यातील नोंदणीचा कागद, घटना आणि ईआयएन.

२. मागील तीन वर्षांची ९९० ची विवरणे, आणि ती स्वीकारली गेल्याचा पुरावा. "भरले" एवढे तोंडी सांगणे चालत नाही. करमुक्तीचा अर्ज आणि ही तीन विवरणे कुणीही मागितली तर दाखवणे संस्थेवर बंधनकारक आहे, म्हणून ती हाताशी हवीतच.

३. पुढील १५ मेचे विवरण कोण भरणार त्याचे नाव. आम्ही जुन्या खजिनदाराचेच लिहितो, कारण आकडे त्याला ठाऊक असतात. नवा खजिनदार १ मेला आठवण करतो.

४. ९९०-एन भरण्यासाठीचे लॉगिन व्यक्तीच्या नावाने असते. नव्या खजिनदाराने जानेवारीतच स्वतःचे लॉगिन काढून त्यात मंडळाचा ईआयएन जोडायचा. १४ मेच्या रात्री नव्हे.

५. फॉर्म ८८२२-बी. मंडळाचा पत्ता किंवा आयआरएसकडे नोंदलेली जबाबदार व्यक्ती बदलली की हा फॉर्म पाठवायचा. व्यक्ती बदलल्यास ६० दिवसांच्या आत. आम्ही आता पोस्टाची पेटी भाड्याने घेतली आहे, म्हणजे अध्यक्षांचे घर बदलले तरी पत्र हरवत नाही.

६. राज्याच्या कार्यालयांच्या तारखा.

आणि वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत, कुणीतरी आयआरएसच्या संकेतस्थळावर मंडळाचे नाव शोधून पडद्यावर दाखवतो. दोन मिनिटे लागतात. पहिल्या वर्षी लोक हसले. आता कुणी विसरले तर सभासदच आठवण करतात.

मंडळी, हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रकमा आणि नियम बदलत असतात, आणि प्रत्येक मंडळाची परिस्थिती वेगळी असते. तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी सीपीए किंवा वकिलाचा सल्ला जरूर घ्या. आपल्यातच बरेच जण या क्षेत्रात आहेत, विचारले तर आनंदाने मदत करतात.

आज घरी गेल्यावर एवढे एकच करा. आपल्या मंडळाचे नाव त्या यादीत शोधा. सापडले तर खजिनदारांना एक धन्यवादाचा फोन करा. नाही सापडले तर तोच फोन जरा लवकर करा. १५ महिन्यांच्या आत असाल तर अजून वेळ गेलेली नाही.